फायबरची मागची बाजू

फायबरची गाडी पुढून बघून काही कळत नाही. पुढून रंग दिसतो आणि मालकाची हौस दिसते. खरी हकीकत मागच्या बाजूला असते. चाकावरून मडगार्डच्या पोटात हात घालायचा, टॉर्च मारायचा आणि बोटं फिरवत जायचं. पत्र्यावरचं जुनं काम ठोकून-तासून लपवता येतं. फायबरची पाठ मात्र कुणी तासत बसत नाही. त्यामुळे आजवर ज्या ज्या कारागिराने त्या भागाला हात लावला, त्याचं काम तिथे जसंच्या तसं राहतं.

मी हे काम बस-बॉडीच्या कारखान्यात शिकलो. बसचं तोंड फायबरचं असतं आणि आपटायची वेळ आली की पहिलं तेच आपटतं. पुढे लोकांच्या पोर्चमध्ये, अंगणात, गच्चीवर जाऊन दुरुस्त्या केल्या आणि मालकांना शेजारी उभं करून शिकवल्याही. या पाठींवर मला गोणपाट सापडलंय, डासांची जाळी सापडलीय, प्लॅस्टर ऑफ पॅरिस सापडलंय आणि एका मडगार्डात तर सिमेंट. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी घाईने भोक बुजवून टाकलं होतं. आमच्या उस्तादांची पहिली शिकवण नेमकी याच्या उलट होती: भोक बुजवायचं नसतं, आधी मोठं करायचं असतं.

पुण्यातल्या एका काकांच्या डॉल्फिनवरून सांगतो. नव्या मुलांना ही गाडी माहीत नसेल. बंगळुरूच्या सिपानी कंपनीने १९८२ साली ती बाजारात आणली. मूळ गाडी इंग्लंडच्या रिलायंट कंपनीची किटन. ८४८ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, दोन दारं आणि अंगभर फायबर. तेव्हा रस्त्यावर ॲम्बॅसडर आणि पद्मिनी. त्यांच्यापुढे ही वजनाला कितीतरी हलकी, म्हणून रॅलीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डॉल्फिनचे दिवस फिरले. पण ज्यांनी ती ठेवली, त्यांनी जिवापाड जपली. हे काका त्यातलेच.

उजव्या मडगार्डला, हेडलाइटच्या मागे, मुठीएवढं भोक पडलं होतं.

“एवढंसंच आहे. तासाभरात होईल ना हो?”

“काका, एक नाणं द्या जरा.”

त्यांनी खिशातून रुपया काढून दिला. मी भोकापासून लांब सुरुवात केली आणि टकटक करत भोकाकडे येत गेलो. धड फायबर खणखणीत बोलतं. जिथे आतले थर एकमेकांपासून सुटलेत, तिथे आवाज बसतो. आवाज बसला की खडूची खूण. सगळ्या खुणा जोडल्या तेव्हा रेघ हेडलाइटच्या कडेपासून निघून पार दाराजवळ पोचली होती. काका बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

पत्रा आणि फायबर यांच्यातला हा फरक मालकांना समजावून सांगावा लागतो. पत्र्याला धक्का बसला की तो दबतो आणि दबलेला दिसतो. फायबर दबत नाही. ते धक्का खातं, वाकतं आणि परत जागेवर येतं. सहन झालं नाही तर फाटतं. फाटताना भोकाभोवतीचे थरही एकमेकांपासून सुटतात आणि वरून काही कळत नाही. कधी कधी रंगावर एका बिंदूपासून फुटलेल्या चांदणीसारख्या बारीक भेगा दिसतात. धक्का आतून बसल्याची ती खूण असते. त्या भेगांवर लांबी ओढून रंग मारला, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच चांदण्या तिथेच परत उगवतात.

ग्राइंडर लावला तसे वरचे थर एकेक करून उघडे पडले. सध्याचा पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली जाडच्या जाड पिवळट लांबी. लांबीखाली कोंबड्यांच्या खुराड्याची तारजाळी, गंजून फुगलेली. आणि जाळीच्या मागे घडी घालून कोंबलेलं वर्तमानपत्र, सिनेमाच्या जाहिरातींचं पान.

काका जवळ आले आणि त्यांनी तो कागद हातात घेतला. “थोरला स्कूटर शिकत होता तेव्हा याच कोपऱ्यावर धडकला होता. गॅरेजवाला म्हणाला होता, नव्यासारखं करून देतो.” ते गॅरेज कुठलं हे त्यांनी सांगितलं. इथे त्याचं नाव घेत नाही, कारण अशी गॅरेजं गावोगावी होती आणि आजही आहेत. लांबी म्हणजे रेझिनमध्ये कालवलेली शंखजिऱ्याची भुकटी. तिच्यात तंतू नसतात. रंगाखालचा पृष्ठभाग सपाट करायला ती उत्तम, पण ताण सोसणं हे तिचं काम नाही. मडगार्ड रस्त्यावर सारखं थरथरतं आणि लांबीचा गोळा आपल्या कडेला तडकतो. तडकेतून पाणी जातं, जाळी गंजते, गंज फुगतो आणि शेजारचं धड फायबरही उचलून काढतो. मुठीएवढं भोक दाराजवळ पोचलं ते असं.

मग कडा. या कामात सगळं काही कडेवर आहे, आणि रंग लागल्यावर ती कुणालाच दिसत नाही. सुटलेला सगळा माल कापून धड फायबरपर्यंत जायचं आणि मग भोकाभोवती ताटाच्या काठासारखा पसरट उतार तासायचा. जाडीच्या बारा पट रुंद उतार हा भक्कम हिशोब. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या अंगाला चहूबाजूंनी साधारण साडेतीन सेंटिमीटर. मुठीएवढं भोक ताटाएवढं होतं आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. पण नवा माल जुन्याला धरतो तो याच उतारावर. उभ्या कडेला त्याला धरायला जागाच नसते. तासून झालं की ॲसिटोनने पुसायचं आणि त्यानंतर तिथे बोटही लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा चिकटण्याच्या आड येतो.

मागून हात पोचत असेल तर काम सरळ आहे. वॅक्स लावलेला सनमायकाचा तुकडा बाहेरच्या बाजूने घट्ट धरून ठेवायचा आणि आतून मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटईचे, रेझिनमध्ये भिजवलेले थर द्यायचे. डॉल्फिनच्या त्या कोपऱ्यात मात्र आतून हात जात नव्हता. अशा आंधळ्या भोकासाठी उस्तादांनी शिकवलेली युक्ती मला आजही या धंद्यातली सगळ्यात देखणी वाटते. भोक मुद्दाम लंबगोल कापायचं. समजा १० सेंटिमीटर लांब आणि ६ रुंद. मग सनमायकावर एक थर मॅट रेझिनने भिजवून पातळ पापुद्रा तयार करायचा आणि वाळल्यावर त्यातून लंबगोलच तुकडा कापायचा, पण १४ लांब आणि ९ रुंद. भोकापेक्षा मोठा तुकडा भोकातून आत कसा जाणार, असं बघणाऱ्याला वाटतं. तो उभा धरायचा. त्याची ९ ची रुंदी भोकाच्या १० च्या लांबीतून अलगद आत सरकते. आत गेल्यावर तुकडा फिरवायचा की लांबी लांबीवर येते, आणि सगळीकडून दीड-दोन सेंटिमीटर काठ भोकाच्या मागे लपतो.

हा तुकडा आत पडू नये म्हणून त्याला आधीच मधोमध दोन बारीक भोकं पाडून त्यातून तार ओवलेली असते. काठावर रेझिनमध्ये कातरलेले तंतू कालवून केलेला घट्ट लगदा थापायचा. भोकाच्या आतल्या कडेवरून वाकवलेला पॉलिश पेपर बोटाने आधीच फिरवून घ्यायचा. मग तार बाहेर ओढायची, भोकावर आडवी काडी ठेवायची, तार काडीवर बांधायची आणि काडी पिळत जायची, काठातून लगदा जरासा बाहेर डोकावेपर्यंत. तिथे थांबायचं. जास्त पिळलं तर लगदा सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. वाळलं की तार कापून टाकायची. आता आंधळ्या भोकाला पाठ मिळाली. पुढचं काम बाहेरून.

काकांना मी मॅट कात्रीने कापू दिली नाही. मॅट हाताने फाडायची. फाडलेल्या कडेला सुटे तंतू राहतात आणि ते उतारात मिसळून जातात, कापलेली कड मात्र वर रेघ होऊन उठते. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट एका थराला साधारण एक मिलिमीटर जाडी देते, म्हणजे ३ मिलिमीटरच्या अंगाला तीन थर. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. रेझिन जास्त झालं तर अंग ठिसूळ होतं, कमी पडलं तर पांढरे कोरडे डाग राहतात. ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचं. ओढला की मॅट ब्रशबरोबर गोळा होऊन येते. पांढरी मॅट भिजत भिजत पारदर्शक होते आणि खालच्या फायबरचा रंग वर दिसायला लागतो. काकांनी तिसरा थर स्वतः लावला. हवेचा एक बुडबुडा दिसला की त्याच्या मागे लागून तो कडेपर्यंत ढकलत नेत होते.

आता जे सांगतो ते घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने कान देऊन ऐकावं. आपल्या बाजारात रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर बऱ्याचदा वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट हा जांभळा एक्सलरेटर. हार्डनर पाण्यासारखा स्वच्छ. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. थेट मिसळले तर जोराची प्रक्रिया होते, आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचा, आणि लावायच्या क्षणी, लागेल तेवढ्याच रेझिनमध्ये हार्डनर. १०० ग्रॅमला एक ते दोन मिलिलिटर. आमच्या कारखान्यात या दोन बाटल्या एका फळीवर ठेवायला बंदी होती. कोबाल्ट एका भिंतीला, हार्डनर समोरच्या भिंतीला. दोन्हीला एकच चमचा वापरताना दिसला, तर उस्ताद त्या पोराला त्या दिवशी कामाला हात लावू देत नसत. मला तेव्हा हे फार कडक वाटायचं. आज मी स्वतः तेच करतो. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा घातल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. उडालाच तर भरपूर पाण्याने सलग धुवायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं.

उरलेलं रेझिन खोल डब्यात सोडून देण्याची सवयही घातक आहे. रेझिन घट्ट होताना गरम होतं. पसरट थाळीत उष्णता निघून जाते. खोल डब्यात ती कोंडते आणि डबा धुरायला लागतो. म्हणून थोडं थोडं बनवायचं आणि पसरट भांड्यात बनवायचं.

गणपतीच्या दिवसांत एका मंडळाने रथाचा फायबरचा मोर दुरुस्तीला दाखवला. मानेला भोक होतं. पोरं हुशार, त्यांनी कुणाला न विचारता आतून थर्माकोल भरला होता, बाहेरून मॅट लावून रेझिन ओतलं होतं आणि सकाळी बघतात तर मान खाली बसलेली. रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्माकोलला विरघळवून टाकतं. आतल्या आधाराचा चिकट रस झाला होता. त्याच पोरांकडून मी तो आधार पुन्हा बनवून घेतला. थर्माकोलच होता, पण या वेळी त्यावर खाकी चिकटपट्टीचे दाट पट्टे गुंडाळले, एक फटही उघडी ठेवली नाही, मगच रेझिन. मोर मिरवणुकीला ताठ मानेने गेला आणि ती पोरं आता आपल्या मंडळाचं सगळं फायबर स्वतःच बघतात.

हे काम घरी करता येतं याचं लोकांना नवल वाटतं. मला त्याचं नवल वाटत नाही, कारण गाड्यांची फायबरची अंगं मोठ्या कारखान्यांआधी छोट्या कारागिरांच्या हातात वाढली. आधी तंतूंची गोष्ट. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेचे ठोकळे जोडायचा प्रयत्न करत होता. वितळलेल्या काचेवर हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. गाडीच्या अंगाची गोष्ट याहून रंजक आहे. कॅलिफोर्नियात बिल ट्रिट नावाचा होड्या बनवणारा माणूस होता. केन ब्रुक्स नावाच्या एका लष्करी मेजरला आपल्या बायकोसाठी जीपच्या चासीवर देखणी गाडी हवी होती. ट्रिटने तिला होडीच्याच पद्धतीने फायबरचं अंग बनवून दिलं. फेब्रुवारी १९५२ मध्ये लाइफ मासिकाने प्लॅस्टिकच्या गाड्यांवर लेख छापला आणि ट्रिटच्याच घडणीची दुसरी एक गाडी जनरल मोटर्सच्या लोकांना दाखवली गेली. ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधल्या फ्लिंट गावात पहिली कॉर्व्हेट बाहेर पडली. त्या वर्षी ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या.

कॉर्व्हेटचा एक किस्सा मी प्रत्येक शिकाऊ पोराला सांगतो. पत्र्याच्या गाडीत दिव्याची एक तार बॅटरीतून येते आणि परतीचा रस्ता पत्राच असतो. फायबरमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या सवयीने जोडणी केलेल्या त्या पहिल्या गाड्यांमध्ये विजेची उपकरणं चालेनात, मग प्रत्येकाला अर्थिंगची वेगळी तार ओढावी लागली. याच गुणाचा फायदाही त्यांनी घेतला. रेडिओची ॲंटेना डिकीच्या झाकणात, फायबरच्या आत पुरून टाकली. पत्र्याच्या झाकणात ती निकामी ठरली असती. काकांच्या डॉल्फिनचा उजवा हेडलाइट अधूनमधून मिणमिणायचा. भोक उघडल्यावर कारण सापडलं. जुन्या दुरुस्तीत अर्थिंगची तार लांबीत गाडली गेली होती आणि तिथेच कुजली होती. नवी तार ओढली, दिवा लख्ख लागला. म्हणून फायबरला कुठेही ग्राइंडर लावण्याआधी मागच्या तारा बघून घ्या.

खाजेबद्दल दोन शब्द. काचेची धूळ कातडीत शिरते. तासताना मास्क हवाच, बाह्या मनगटाला घट्ट हव्यात आणि हातांना आधी पावडर चोळून ठेवावी. काम झाल्यावर गार पाणी.  कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नयेत, नाहीतर घरातल्या सगळ्यांना खाज सुटते.

कोकणातल्या होड्यांवर काम करायला मी गेलो तेव्हा मला गाड्यांचं काम सोपं वाटू लागलं. मडगार्ड फुटलं तर गाडी घरी येते. होडीची गोष्ट वेगळी. वाळूवरून ओढून ओढून तळाची मधली धार झिजते, जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर जातो, मग मॅट उघडी पडते आणि पाणी थरांत शिरतं. होडीला नुसती मॅट चालत नाही. मॅट, मग विणलेलं रोव्हिंग म्हणजे काचेच्या जाड दोऱ्यांचं कापड, मग परत मॅट असं घ्यावं लागतं. ताण रोव्हिंग घेतं, आणि दोन रोव्हिंगना एकमेकांशी बांधून ठेवते ती मधली मॅट.

आणि तिथली खरी अडचण वेळेची. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, माणसं मोकळी. पण रेझिनला पावसाळा सोसत नाही. दमट हवेत मॅट ओलावा धरते, भिजल्यावरही दुधाळ राहते आणि थर नीट पकडत नाही. एका तांडेलाने जूनमध्ये मला बोलावलं. होडी ताडपत्रीखाली होती, पण तळातून हाताला गारवा लागत होता. मी हात लावायला नकार दिला. ते नाराज झाले, गाडीभाडं देऊन आणलेल्या माणसाने असं सांगावं हे कुणालाही आवडणार नाही. मग आम्ही दोघांनी मिळून तळातला सुटलेला माल नुसता कापून उघडा केला. ताडपत्रीच्या आत शेकोटीच्या वाटेला जायचं नाही हे बजावलं, कारण रेझिन आणि ॲसिटोन दोन्ही पेटतात. त्याऐवजी पंखा आणि पिवळे दिवे लावून कित्येक दिवस तळ वाळू दिला. काम जुलैतल्या उघडिपीत झालं.

पुढच्या वर्षी त्यांनी मला बोलावलं नाही. मे महिन्याच्या उन्हात, पाऊस यायच्या आधी, त्यांनी आणि त्यांच्या भावाने स्वतःच आपल्या दुसऱ्या होडीचा तळ केला. फोन आला तो फक्त एवढं विचारायला की मधल्या धारेखाली रोव्हिंगचा एक थर जादा घेऊ का. मी म्हटलं, घ्या, पण बाहेरून नको, आतून घ्या आणि दोन्ही बाजूंना वीतभर पसरवा. संध्याकाळी त्यांनी परत फोन केला. थर बसला होता. आता रंग कधी लावू, असं विचारत होते. रेझिन वरून घट्ट झालं तरी आत बरेच दिवस आकसत राहतं, आणि घाईने रंग लावला तर मॅटची जाळी रंगातून वर उमटते. मी त्यांना म्हटलं, रोज दुपारी ऊन तापलं की तळाला नाक लावून बघा. रेझिनचा वास येतोय तोवर रंगाचा डबा उघडू नका.